‘ल’ आणि ‘श’साठी एक एक्स्टेंशन: निरनिराळ्या ब्राउझरांवरील घडण आणि चाचणी

मराठीतला ‘ल’ आणि हिंदीतला ‘ल’ यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे क्रमांक नाहीत. दोन्हींसाठी यू+०९३२ हा एकच क्रमांक आहे, आणि ‘श’साठीही यू+०९३६ हा एकच. मराठी वाचक ज्या रूपांवर वाढला ती पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे पडद्यावर उमटतील, की दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श उमटतील, हे दोन गोष्टींवर ठरते. फॉन्टमध्ये मराठीसाठीचे आकार भरलेले असावे लागतात, आणि मजकूर मराठी आहे हे पानाने ब्राउझरला सांगितलेले असावे लागते. ओपनटाइप या प्रचलित स्वरूपाच्या फॉन्टमधील या सोयीला ‘एलओसीएल’ म्हणतात. पानाच्या बाजूने भाषा सांगण्याची जागा म्हणजे एचटीएमएल या पाने लिहिण्याच्या भाषेतील ‘लँग’ हा गुणधर्म, ज्यात मराठीसाठी ‘एमआर’ लिहायचे असते. प्रत्यक्षात अनेक मराठी संकेतस्थळांवर तयार साच्यातून आलेले ‘ईएन’ तसेच राहून गेलेले असते. पान स्वतःला इंग्रजी म्हणवते, आणि ब्राउझर फॉन्टमधील मूळ आकार, जो पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो, तो दाखवून मोकळा होतो. महाराष्ट्र शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे वापरावीत असे नमूद आहे. तरीही रोज वाचल्या जाणाऱ्या पानांवर ही दोन अक्षरे परकी दिसत राहतात.

जानेवारी २०२४ मध्ये एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाने हीच तक्रार आमच्यापुढे मांडली. शाळेतली मुले तेथील संगणकांवर बातम्या आणि गोष्टी वाचतात, आणि पाटीवर गिरवलेला ल पडद्यावर सापडत नाही म्हणून विचारतात. आम्ही तिघांनी मिळून त्यासाठी एक ब्राउझर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, करायचे ठरवले. काम लहान होते: पानावरचा मराठी मजकूर ओळखायचा, त्याला मराठी म्हणून खूण करायची, आणि गरज असेल तेथे योग्य फॉन्ट द्यायचा. ते सर्व ब्राउझरांवर सारखे चालते आहे याची खात्री करून घेण्याला मात्र सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत जे समजले ते या टिपणात नोंदवले आहे.

पहिला नमुना आणि त्याचे मौन

पहिला नमुना मी फायरफॉक्समध्ये लिहिला. सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत ‘फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड’ नावाचा गुणधर्म आहे. त्यात ‘एमएआर’ ही ओपनटाइपमधील मराठीची खूण लिहिली, की पानाने स्वतःची भाषा काहीही सांगितलेली असो, फॉन्टकडून मराठी आकार मागितले जातात. एका ओळीत काम झाले, ल आणि श दोन्ही सुधारले, आणि त्या संध्याकाळी आम्हाला काम संपल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने तोच नमुना क्रोममध्ये चढवला तेव्हा काहीही बदलले नाही. क्रोममध्ये त्या काळी हा गुणधर्मच नव्हता, आणि न ओळखलेला गुणधर्म चूक न दाखवता सोडून द्यायचा हा सीएसएसचा नियमच असल्यामुळे कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका नोंदवतो त्या चौकटीत, एक अक्षरही उमटले नाही. पुढच्या बहुतेक अडचणी अशाच निघाल्या. ब्राउझर तक्रार करत नाही, एक्स्टेंशन बसलेले दिसते, टूलबारवर चिन्ह येते, आणि फक्त वाचकाला कळते की काम झालेले नाही.

म्हणून आम्ही मूळ वाटेवर आलो: मराठी मजकुराच्या परिच्छेदांवर, मथळ्यांवर आणि दुव्यांवर ‘लँग’ हा गुणधर्म ‘एमआर’ म्हणून लावायचा. संपूर्ण पानाच्या मुळाशी तो बदलण्याचा मोह आम्ही टाळला, कारण पानाची स्वतःची शैली त्या मूल्यावर अवलंबून असू शकते आणि एकाच पानावर मराठी बातमीशेजारी इंग्रजी जाहिरात असणे नेहमीचे आहे. या निवडीचा एक लाभ अक्षरांच्या पलीकडचा होता, आणि मला तो अक्षरांइतकाच मोलाचा वाटतो. पडदा वाचून दाखवणारी साधने कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा हे याच गुणधर्मावरून ठरवतात. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मानकात पानाची भाषा सांगणे ही पहिल्या, म्हणजे ‘ए’ पातळीची अट आहे. ज्या पानाने स्वतःला इंग्रजी म्हणवले आहे ते मराठी पान दृष्टिहीन वाचकाला इंग्रजी आवाजात ऐकावे लागू शकते.

चाचण्या हिरव्या, अक्षर जुने

स्वयंचलित चाचण्या आम्ही पहिल्यापासून लिहिल्या होत्या. जतन करून ठेवलेली काही पाने उघडायची, एक्स्टेंशन चालवायचे, आणि प्रत्येक मराठी परिच्छेदावर ‘एमआर’ लागले आहे का हे तपासायचे, अशी त्यांची रचना होती. जिवंत संकेतस्थळांऐवजी जतन केलेली पाने घेतली, कारण बातम्यांची पाने तासातासाला बदलतात आणि काल उत्तीर्ण झालेली चाचणी आज का नापास झाली याचा शोध घेण्यातच दिवस जातो. मार्चच्या अखेरीस सर्व चाचण्या क्रोमवर आणि फायरफॉक्सवर हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, झाल्या, म्हणून वाचनालयाला आम्ही पहिली आवृत्ती पाठवली. दोन दिवसांनी तेथील ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. “सर, तुमचं चिन्ह वर दिसतंय, त्यावर आकडाही येतोय, पण ल अजून हिंदीचाच आहे.”

त्या ज्या संकेतस्थळाबद्दल बोलत होत्या त्याने स्वतःचा फॉन्ट लावलेला होता आणि त्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळे आकारच नव्हते. आमची खूण बरोबर लागली होती, ब्राउझरने ती फॉन्टपर्यंत पोचवलीही होती, पण फॉन्टकडे देण्यासारखे काही नव्हते. आमच्या चाचण्या आमच्याच संहितेने (कोडने) केलेला दावा तपासत होत्या. वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणते अक्षर आले हे त्या कधी पाहतच नव्हत्या. ही चूक माझी होती, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची चूक म्हणून मी ती नोंदवतो.

उपाय दोन भागांचा होता. पहिला भाग म्हणजे एक्स्टेंशनबरोबर फॉन्ट देणे. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात मराठीसाठीचे आकार आहेत, म्हणून तो घेतला आणि सेटिंगमध्ये ‘भाषा लावा’ या चौकटीखाली ‘फॉन्टही बदला’ अशी दुसरी चौकट आणली. येथे मी एक शहाणपणा करायला गेलो. संकेतस्थळाचे रूप शक्य तितके जपावे म्हणून नवा फॉन्ट फक्त ल आणि श या दोन क्रमांकांपुरता मर्यादित केला. पण देवनागरीत अक्षर एकटे येत नाही. ‘शिल्लक’ हा शब्द घ्या: त्यात श आणि दोन ल आमच्या फॉन्टचे, तर क संकेतस्थळाच्या फॉन्टचा, आणि वेलांटी आणि हलन्त यांचे काय करायचे ते ब्राउझरच्या मर्जीवर. जोडाक्षराची आणि वेलांटीची घडण एकाच फॉन्टच्या आत होते, दोन फॉन्टांच्या सीमेपलीकडे ती जात नाही. परिणामी काही ठिकाणी ‘ल्ल’ सुटा पडला, काही ठिकाणी वेलांटी भलत्याच जाडीची दिसली, आणि हे बिघाड क्रोममध्ये एक तर फायरफॉक्समध्ये दुसरेच होते. मर्यादा काढून संपूर्ण देवनागरी पट्टा, म्हणजे यू+०९०० ते यू+०९७फ (शेवटचे चिन्ह षोडशमान पद्धतीतील), नव्या फॉन्टला दिला तेव्हा शब्द पुन्हा एकसंध झाले.

फॉन्टची फाइल पानापर्यंत पोचवण्यातही फरक निघाला. पानात घातलेल्या शैलीपत्रकात फाइलचा पत्ता सापेक्ष लिहिला, की फायरफॉक्स तो त्या शैलीपत्रकाच्या जागेपासून मोजतो आणि क्रोम तो उघडलेल्या पानापासून मोजतो. त्यामुळे क्रोम आमचा फॉन्ट वृत्तपत्राच्या सर्व्हरवर शोधत होता आणि तेथून साहजिकच तो मिळत नव्हता. पत्ता हाताने न लिहिता ब्राउझरच्या ‘रनटाइम.गेटयूआरएल’ या फंक्शनकडून मागून घेणे आणि ती फाइल पानांना खुली असल्याचे मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे एक्स्टेंशनची माहिती ब्राउझरला देणाऱ्या फाइलीत, नोंदवणे, या दोन गोष्टींनी तो प्रश्न मिटला.

उपायाचा दुसरा भाग चाचणीचा होता आणि तो माझ्या सहकाऱ्याने शोधला. पडद्याचे चित्र घेऊन जुन्या चित्राशी ताडून पाहणे ही रूढ पद्धत आहे, पण विंडोज, लिनक्स आणि मॅक यांवर अक्षरांच्या कडा वेगवेगळ्या प्रकारे गुळगुळीत केल्या जातात, त्यामुळे एका यंत्रावरचे आदर्श चित्र दुसऱ्या यंत्रावर उपयोगी पडत नाही. त्याने आदर्श चित्रच ठेवले नाही. ‘लाल’, ‘शाळा’, ‘विशाल’, ‘शिल्लक’, ‘अश्वशाळा’ असे मोजके शब्द त्याच ब्राउझरमध्ये, त्याच क्षणी, दोनदा रंगवायचे, एकदा एक्स्टेंशन चालू असताना आणि एकदा मजकुराला ‘एचआय’, म्हणजे हिंदी, अशी खूण करून, आणि दोन्ही चित्रे ताडून पाहायची. चित्रे अगदी सारखी आली तर मराठी रूप उमटलेले नाही, चाचणी नापास. जोडीला उलटी चाचणी: एक्स्टेंशन बंद केल्यावर पान जसे मुळात होते तसेच आले पाहिजे. या पद्धतीने पहिल्याच फेरीत ग्रंथपाल मॅडमचे पान नापास ठरले, आणि त्या लाल रेघेने मला फार समाधान दिले.

तीस सेकंदांचा बिघाड

ज्या संकेतस्थळांवर एक्स्टेंशन नको असेल त्यांची यादी वाचकाला करता येते. ही यादी मी सुरुवातीला पार्श्वभूमीत चालणाऱ्या भागाच्या स्मृतीत, एका साध्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवली होती. मॅनिफेस्टच्या स्वरूपाच्या तिसऱ्या आवृत्तीत क्रोमने हा पार्श्वभूमीचा भाग सर्व्हिस वर्कर म्हणून चालवायला घेतला आहे, आणि तीस सेकंद काही काम आले नाही की क्रोम तो बंद करतो. पुढचे काम आले की तो पुन्हा सुरू होतो, पण कोऱ्या पाटीने. म्हणून वाचकाने एखादे संकेतस्थळ वगळले, थोडा वेळ निवांत वाचन केले, आणि पुढची बातमी उघडली, की वगळलेले संकेतस्थळ पुन्हा यादीबाहेर गेलेले असे.

हे समजायला आठवडा गेला, कारण तपासायला घेतले की बिघाड नाहीसा होई. क्रोमचे तपासणीचे उपकरण सर्व्हिस वर्करला जोडून उघडे ठेवले, की क्रोम तो वर्कर बंद करत नाही. म्हणजे आम्ही जितका वेळ त्याच्याकडे पाहत होतो तितका वेळ तो नीट वागत होता. शेवटी उपकरण बंद करून, एक्स्टेंशनांच्या पानावर वर्कर निष्क्रिय झाल्याची खूण येईपर्यंत घड्याळ लावून थांबलो आणि मग पान उघडले, तेव्हा तो बिघाड दर वेळी येऊ लागला. फायरफॉक्समध्ये एक्स्टेंशनांसाठी सर्व्हिस वर्कर नाही. तेथे घटनेपुरते जागे होणारे पार्श्वपान असते, आणि तेही निष्क्रिय राहिले की बंद होते. फायरफॉक्सच्या एक्स्टेंशन-तपासणीच्या पानावर ते पार्श्वपान हाताने बंद करण्याचे बटण आहे, ही सोय मला फार उपयोगी वाटली.

यादी ‘स्टोरेज.लोकल’ या ब्राउझरच्या कायम साठवणीत आणि टॅबपुरती माहिती ब्राउझर बंद होईपर्यंत टिकणाऱ्या ‘स्टोरेज.सेशन’मध्ये हलवली. पण पहिल्या दुरुस्तीत दुसरी चूक झाली: आधी साठवणीतून यादी वाचायची, ती येईपर्यंत थांबायचे, आणि मग घटनांचे श्रोते, म्हणजे घटना घडली की चालणारी फंक्शने, नोंदवायचे, असा क्रम मी लावला. वर्कर ज्या घटनेसाठी जागा केला जातो ती घटना श्रोता नोंदवला जाण्याआधीच निघून जाई. श्रोते संहितेच्या अगदी वरच्या पातळीवर, कशाचीही वाट न पाहता नोंदवले पाहिजेत, आणि साठवण नंतर श्रोत्याच्या आत वाचली पाहिजे. आता प्रत्येक चाचणीत मधोमध वर्कर मुद्दाम मारला जातो आणि त्यानंतरच पुढची पायरी घेतली जाते. पानाकडून पार्श्वभूमीला निरोप पाठवतानाही असाच एक फरक भेटला: श्रोत्याने प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर देण्याची हमी, परत केले तर फायरफॉक्स त्याचे उत्तर पोचवत असे, पण आम्ही ज्या क्रोमवर काम करत होतो तेथे श्रोत्याने ‘ट्रू’ परत करून उत्तर वेगळ्या फंक्शनने पाठवावे लागे. दोन्हीकडे चालणारी ही दुसरी रीतच आम्ही ठेवली.

विंडोज ७ चे संगणक

डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सची १२१ वी आणि जानेवारी २०२४ मध्ये क्रोमची १२१ वी आवृत्ती आली, आणि एक जुनी अडचण दूर झाली. क्रोमला मॅनिफेस्टमध्ये सर्व्हिस वर्करचे नाव लागते, फायरफॉक्सला पार्श्वभूमीच्या संहिताफाइलींची यादी लागते. या आवृत्त्यांपासून दोन्ही नोंदी एकाच मॅनिफेस्टमध्ये ठेवता येऊ लागल्या आणि प्रत्येक ब्राउझर आपल्याला हवी ती नोंद उचलू लागला. आमचे काम नेमके त्याच महिन्यात सुरू झाले होते. एक मॅनिफेस्ट, एक पुडके (वाटण्यासाठी बांधलेली एक्स्टेंशनची फाइल), सर्व ब्राउझर, ही कल्पना मला इतकी आवडली की सगळी जुळणी मी तिच्याभोवती केली.

एप्रिलमध्ये आम्ही वाचनालयात गेलो. तेथील संगणक विंडोज ७ वर चालत होते. विंडोज ७ वर चालणारे शेवटचे क्रोम म्हणजे १०९ वी आवृत्ती, आणि फायरफॉक्सची तेथे मिळणारी वाट म्हणजे दीर्घकाळ जपली जाणारी ११५ वी आवृत्ती. क्रोम १०९ ने आमचे पुडके चढवायलाच नकार दिला. पार्श्वभूमीच्या संहिताफाइलींची नोंद मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीतच चालते, असा त्याचा संदेश होता. फायरफॉक्स ११५ ने पुडके घेतले, पण मॅनिफेस्टमध्ये सर्व्हिस वर्करची नोंद दिसल्यामुळे पार्श्वभूमीचा भाग सुरूच केला नाही. माझ्या टेबलावरचे ब्राउझर त्या आठवड्यात ताजे झालेले होते. वाचकांच्या टेबलावरचे ब्राउझर जेथे थांबले होते तेथेच होते, आणि त्यांना पुढे नेणे वाचनालयाच्या हातात नव्हते.

मॅनिफेस्टमध्ये किमान आवृत्तीची अट घालून हे संगणक बाहेर ठेवता आले असते. क्रोमसाठी आणि फायरफॉक्ससाठी तशा स्वतंत्र नोंदी आहेत, आणि पुष्कळ एक्स्टेंशनांचे कर्ते तेच करतात. क्रोम १०९सारख्या जुन्या ब्राउझरला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत हे त्यामागचे कारणही खरे आहे. आमच्यापुढे मात्र प्रश्न असा होता की ज्यांनी तक्रार केली त्यांनाच वगळून काम पूर्ण झाले असे कसे म्हणायचे. म्हणून एकच पुडके करण्याची कल्पना सोडली. आता समाईक मॅनिफेस्ट एक आहे आणि त्यावर दोन छोटे तुकडे आहेत. जुळणीच्या वेळी क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज यांच्यासाठी एक पुडके तयार होते, फायरफॉक्ससाठी दुसरे. ‘स्टोरेज.सेशन’ क्रोममध्ये १०२ व्या आणि फायरफॉक्समध्ये ११५ व्या आवृत्तीपासून असल्यामुळे ती सोय सुदैवाने दोन्ही जुन्या ब्राउझरांवर होती. क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५ चाचण्यांच्या यादीत कायमचे दाखल झाले, आणि नवी आवृत्ती पाठवण्याआधी विंडोज ७ च्या एका खऱ्या संगणकावर, म्हणजे सहकाऱ्याच्या घरी पडून असलेल्या जुन्या यंत्रावर, ती हाताने पाहण्याची पद्धत पडली.

परवानगीचा प्रश्न

त्याच भेटीत फायरफॉक्सवर आणखी एक गोष्ट उघड झाली. एक्स्टेंशन बसवले, पार्श्वभूमी दुरुस्त केलेल्या पुडक्यात सुरू झाली, तरी कोणत्याही पानावर काही घडत नव्हते. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत फायरफॉक्स संकेतस्थळांवरील प्रवेशाची परवानगी ऐच्छिक मानत होता; बसवताना ती दिली जात नसे, वाचकाने नंतर एक्स्टेंशनच्या मेन्यूत जाऊन ती द्यावी अशी अपेक्षा होती. जून २०२४ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १२७ पासून ही परवानगी बसवतानाच विचारली जाते, पण ११५ वर जुनीच रीत राहिली. माझ्या लक्षात हे आले नव्हते, कारण माझे चाचणीचे प्रोफाइल जपून ठेवलेले होते आणि त्यात मी पहिल्याच दिवशी परवानगी देऊन विसरून गेलो होतो. त्यानंतर प्रत्येक चाचणी कोऱ्या प्रोफाइलवर चालते.

फायरफॉक्ससाठी मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीवर परत जाणे हाही पर्याय होता, कारण मोझिला ती अजून चालवते. आम्ही तसे केले नाही. प्रत्येक पान वाचू शकणाऱ्या एक्स्टेंशनने वाचकाला स्पष्ट विचारावे हे योग्यच आहे. विचारण्याची जागा चांगली असली पाहिजे इतकेच. बसवल्याबरोबर एक पान उघडते, त्यावर साध्या मराठीत लिहिले आहे की हे एक्स्टेंशन पानावरचा मजकूर भाषा ओळखण्यासाठी संगणकावरच तपासते आणि कोठेही पाठवत नाही, आणि खाली एक बटण आहे. ते बटण दाबले की ब्राउझरची स्वतःची परवानगीची चौकट यावी अशी रचना होती. क्रोमवर ती ठीक चालली आणि फायरफॉक्सवर चौकट आलीच नाही. मी बटणाच्या संहितेत आधी ‘परवानगी आहे का’ हे विचारून उत्तराची वाट पाहत होतो आणि मग ती मागत होतो. फायरफॉक्सच्या दृष्टीने मधल्या थांब्यात वाचकाच्या दाबण्याचा संबंध तुटतो आणि मागणी नाकारली जाते. आधी न विचारता थेट मागणी केली की काम होते, आणि परवानगी आधीच असेल तर तेच आवाहन लगेच होकार देऊन परत येते.

एज, सफारी आणि मोबाइल

एजबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. जानेवारी २०२० पासून तो क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच मुक्त पायावर, उभा आहे, आमचे क्रोमचे पुडके त्यावर काही न बदलता चालले, फक्त त्याचे एक्स्टेंशनांचे दालन (स्टोअर) वेगळे असल्यामुळे तपासणी पुन्हा झाली.

सफारीचे तसे नाही. तेथे एक्स्टेंशन एका मॅक अॅपच्या पोटात घालून द्यावे लागते. त्या वेळी त्यासाठी ॲपलचे एक्सकोड हे साधन, मॅक संगणक आणि वितरण करायचे तर वर्षाला ९९ डॉलरचे सदस्यत्व लागत होते. क्रोमच्या दालनाचे शुल्क एकदाच भरायचे ५ डॉलर आहे आणि मोझिलाच्या दालनाला शुल्क नाही, हे शेजारी ठेवले म्हणजे तीन मित्रांच्या हौशी कामाला सफारी का परवडत नाही ते कळते. सही न केलेली एक्स्टेंशने चालू देण्याचा पर्याय सफारीच्या डेव्हलपरांसाठीच्या सोयींत आहे, पण सफारी बंद केला की तो पुन्हा मूळपदावर जातो, त्यामुळे चाचणी करणाऱ्याला तो दर वेळी चालू करावा लागतो. परवानगीही सफारी संकेतस्थळागणिक विचारतो. आम्ही एका मैत्रिणीच्या मॅकवर पुडके रूपांतरित करून मोजक्या शब्दांचे चाचणीपान हाताने पाहिले आणि तूर्त तेथेच थांबलो. मला याची खंत आहे, कारण आयफोनवर वाचणाऱ्या मराठी वाचकापर्यंत पोचण्याची वाट सफारीतूनच जाते.

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेंशन बसवताच येत नाही. मोझिलाने डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवरील फायरफॉक्स सर्व एक्स्टेंशनांना खुला केला, म्हणून मोबाइलवर तो एकच मार्ग आम्हाला मिळाला. मॅनिफेस्टमध्ये अँड्रॉइडसाठीची वेगळी नोंद केली, फोन तारेने जोडून ‘वेब-एक्स्ट’ या मोझिलाच्या साधनाने पुडके चढवले, आणि पहिल्याच उघडण्यात दिसले की संगणकावर छोट्या चौकटीत येणारी आमची सेटिंगे फोनवर पूर्ण पानभर पसरतात आणि माउस वर नेल्यावर दिसणाऱ्या सूचना बोटाला कधीच दिसत नाहीत. त्या सूचना आता कायम दिसणाऱ्या ओळी झाल्या आहेत, आणि संगणकावरही त्या तशाच बऱ्या वाटतात.

दालनात नाव आणि वर्णन मराठीत देताना एका मर्यादेने अनपेक्षित त्रास दिला. क्रोमच्या दालनात छोट्या वर्णनाला १३२ चिन्हांची मर्यादा आहे, आणि ती आपण मोजतो त्या अक्षरांवर मोजली जात नाही. ‘स्पष्टीकरण’ हा शब्द आपल्या डोळ्याला पाच अक्षरांचा, पण युनिकोडच्या हिशेबाने तो दहा चिन्हांचा आहे, कारण प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक मात्रा स्वतंत्र मोजली जाते. इंग्रजीत दोन वाक्यांत बसणारे वर्णन मराठीत एका वाक्यात बसवावे लागले. ते वाक्य तिघांनी मिळून एका संध्याकाळी घडवले.

कोणता मजकूर मराठी

भाषा ओळखण्यासाठी ब्राउझरांची स्वतःची सोय आहे, पण क्रोम आणि फायरफॉक्स यांच्यातील भाषा ओळखणारी यंत्रणा एकाच घराण्यातील दोन वेगवेगळ्या पिढ्यांची आहे, आणि चार-पाच शब्दांच्या मथळ्यावर त्यांची उत्तरे जुळत नसत. एकाच पानावर दोन ब्राउझरांत दोन प्रकारचे ल येणे आम्हाला मान्य नव्हते. म्हणून आम्ही स्वतःची साधी पद्धत लिहिली: ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘होते’ यांसारखे शब्द एका बाजूला, ‘है’, ‘और’, ‘नहीं’, ‘था’ दुसऱ्या बाजूला, आणि परिच्छेद लहान असेल तर निर्णय शेजारच्या परिच्छेदांच्या आधाराने. सर्व ब्राउझरांवर तीच संहिता चालत असल्याने उत्तरही तेच येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये एक्स्टेंशन क्रोम, एज आणि फायरफॉक्स यांच्या दालनांत गेले, आणि सप्टेंबरमध्ये गोव्याहून एका वाचकाने कळवले की कोकणी पानांवर ते चालू होते. देवनागरीत लिहिलेल्या कोकणीत ‘ळ’ आहे, मराठीशी मिळतेजुळते शब्द आहेत, आणि आमच्या यादीतील ‘नाही’सारखा शब्द उद्धृत वाक्यांत येतोच. ओपनटाइपमध्ये कोकणीसाठी ‘केओके’ अशी स्वतंत्र खूण आहे. एखाद्या भाषेच्या मजकुराला दुसऱ्या भाषेचे नाव लावणे ही, ज्या चुकीवर उपाय म्हणून आम्ही हे काम घेतले, तीच चूक ठरली असती. ‘आसा’, ‘आनी’, ‘म्हण’ हे शब्द तिसऱ्या यादीत घातले, आणि खात्री नसेल तेथे परिच्छेदाला हात लावायचा नाही असा नियम केला. त्या वाचकाने पाठवलेली सहा पाने आता जतन केलेल्या पानांत आहेत. त्यांतील पाच उत्तीर्ण होतात; सहाव्यात मराठी पत्राचा दीर्घ उतारा कोकणी लेखाच्या मधोमध आला आहे, आणि त्या उताऱ्यापुरते मराठी आणि बाकीचे कोकणी असे ओळखण्याचे काम अजून चालू आहे.